उंबरकोंडची आठ अंगणं

मला माणसांपेक्षा नकाशे बरे वाटतात, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. नकाशा तोंडावर एक आणि पाठीमागे एक असं बोलत नाही. शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा पोरं मला ‘नकाशाबाई’ म्हणत, अर्थात पाठीमागे. निवृत्त झाल्यावर मला जुने नकाशे जमवायचा नाद लागला. इंग्रजी अमदानीतले, एका इंचात एक मैल दाखवणारे. त्यांत गावाबाहेरची विहीर, आमराई, देऊळ, पायवाट, सगळं असतं. आता त्याच जागी गॅरेजं आणि मंगल कार्यालयं उभी आहेत हे ठाऊक असताना असा नकाशा वाचायला एक चोरटी मजा येते.

म्हणून माझी धाकटी बहीण मंजू एक दिवस म्हणाली, “ताई, मी पुण्यातला फ्लॅट विकून महाडजवळ प्लॉट घेतेय, तिथं छोटं घर बांधून राहणार,” तेव्हा मी ‘का’ असं विचारलं नाही. तिचा नवरा गेल्यापासून तो फ्लॅट तिला खायला उठतो, हे मला दिसत होतं. मी विचारलं, “नेमकं कुठं?” आणि कपाट उघडलं.

“महाडहून पोलादपूरकडे जाताना, हायवेपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी. दोन्ही बाजूंनी ओढे आहेत.”

नकाशावर दोन्ही ओढे सापडले. त्यांच्या बेचक्यात बारीक अक्षरांत नाव होतं, उंबरकोंड. कोंड म्हणजे तिकडची लहानशी वाडी. नावाला लागून सात चौकोन होते. मूळ नकाशावर घरं तांबडी असतात, माझ्या झेरॉक्सवर ती काळी झाली होती.

“तुझ्या आधी सात बिऱ्हाडं राहून गेलीत तिथं,” मी म्हटलं.

मंजूला बरं वाटलं. “म्हणजे जागेला माणसांची सवय आहे,” ती म्हणाली.

दस्त नोंदवायचा दिवस ठरला होता. पण मंजू पहिल्यांदा जागा बघायला गेली होती तेव्हा जिच्याकडे ती जेवली, त्या सुलोचनाबाईंनी तिला बजावलं होतं, “आदी शिमग्याला या. आमची पालखी बगा. मंग काय तो दस्त करा.” मंजूला वाटलं, केवढा हा आग्रह! मलाही तसंच वाटलं. शिमग्याच्या बेतानं आम्ही दोघी निघालो.

महाड आणि सव

वरंध घाटातली वळणं सांगत बसत नाही. ज्याला वांती होते तो वळणं मोजत नाही, आणि मला झाली. महाडात पोचलो तेव्हा ऊन असं होतं की सावित्रीचं पात्र बघायला पुलावर उभ्या राहिलो आणि कठडा धरून हात भाजला. पुण्याचं ऊन अंग भाजतं. इथलं अंगाला चिकटून बसतं.

प्लॉटवाला संदेश लॉजवर भेटायला आला. तिशीतला, गोरागोमटा, मुंबईत काही वर्षं काढून परत आलेला, हातात दोन मोबाइल. मी त्याला आधीच नापसंत करून टाकला होता, पण तो वाकून पाया पडला, मग पंचाईत झाली. तो प्लॉट पाडलेल्या जागेशेजारच्या वरच्या वाडीतलाच निघाला.

“उद्या सकाळी साइट बघू मॅडम. आज सवला जाऊन या. गरम पाण्याचे झरे हायत. घाटाचा शीण जाईल.”

सवला गेलो. झऱ्यांभोवती गंधकाचा वास, कट्ट्यावर गुडघे चोळत बसलेली म्हातारी माणसं. मी मंजूला भूगर्भातल्या उष्णतेविषयी सांगत सांगत ऐटीत पाय पाण्यात घातला आणि किंचाळले. एक आजोबा म्हणाले, “बाई, त्यात पाय नाय घालायचा. त्यात तांदूळ शिजत्यात.” मंजू हसून हसून खाली बसली. भावोजी गेल्यानंतर ती अशी हसलेली मी पाहिलीच नव्हती. पाय चांगला लाल झाला होता, तरी मला रागावता येईना. देवा, हिला इथं घर होऊ दे, असं मी मनात म्हटलं.

उंबरकोंड

दुसऱ्या दिवशी सकाळी जागेवर गेलो. जागा सुरेख होती, हे कबूल केलं पाहिजे. उतरता माळ, गुडघाभर वाळलेलं गवत, मागे उभा डोंगर, आणि सगळ्यावर एक शांतता. डांबरी रस्ते आखलेले, चुना मारलेले दगड, नंबरांच्या पाट्या. मंजूच्या प्लॉटच्या चारी कोपऱ्यांत लाकडी खुंट ठोकले होते आणि एकावर तिचं नाव रंगवलेलं होतं.

मी सवयीनं नकाशा उघडला. दोनांतला एक ओढा नकाशात सरळ येतो, समोर मात्र तो वळसा घालून जात होता. नकाशात डोंगराची एक सोंड थेट वाडीपर्यंत उतरलेली दिसते, समोर सोंडच नव्हती. डोंगराचा त्या बाजूचा भाग कुणी भाकरीचा तुकडा मोडावा तसा गेलेला होता आणि त्यावर रान माजलं होतं.

“संदेश, उंबरकोंड म्हणजे हीच जागा ना?”

तो मोबाइल बघत होता. बघतच राहिला. “असं गाव नाय मॅडम इकडं.”

“वाडी होती. सात घरांची.”

“इथं काय नव्हतं. माळ होता.”

मी त्याचा आराखडा मागून घेतला. मला एक गोष्ट खटकली होती. रस्ते उगाच वाकडे होते, आणि प्लॉटांच्या मधे मधे लहान तुकडे मोकळे सोडले होते. एकही मोक्याच्या जागी नाही, सगळे अडनिडे. प्रत्येकावर हिरवा रंग दिला होता.

“हे काय आहे?”

“गार्डन, मॅडम.”

“एवढ्याशा जागेत? आणि सात सात?”

“लोकांना हिरवळ आवडते,” असं म्हणून तो दुसऱ्या मोबाइलवर बोलू लागला. तो मोबाइल वाजला नव्हता.

दुपारी वरच्या वाडीत सुलोचनाबाईंकडे जेवायला गेलो. वरची वाडी त्याच डोंगराच्या कुशीत, ओढ्यापलीकडे. बाई साठीच्या, दोन्ही मुलगे मुंबईला, घरात एकट्या. तांदळाची भाकरी, कडव्या वालाचं बिरडं, कोवळ्या फणसाची भाजी. आमच्याकडे फणसाची भाजी म्हटलं की गूळ पडतो, इथं ती सुकं खोबरं आणि मिरची घालून झणझणीत केली होती. मी दोनदा मागून घेतली आणि तिसऱ्यांदा बाईंनी न विचारता वाढली. त्या अशा खुशीत असताना मी विचारलं, “सुलोचनाबाई, खाली पूर्वी उंबरकोंड होतं ना?”

पळी हवेतच थांबली. त्यातलं बिरडं थेंब थेंब पातेल्यात पडलं.

“काय नव्हतं गो तितं,” त्या म्हणाल्या. “माळ व्हता.”

तेच शब्द, तोच सूर. पाढा म्हणताना सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, तसा. वाटेत मी पाण्याच्या हंड्यांपाशी बसलेल्या दोघींना विचारलं, त्यांनीही ‘माळ होता’ म्हटलं आणि मान फिरवली. मला भर उन्हात शिरशिरी आली. पण मी पडले शिक्षिका. शिरशिरी आली की आम्ही कारण शोधतो. मी ठरवून टाकलं की नकाशाच चुकला आहे. सर्वेवाल्या साहेबाला हिवताप असेल, त्यानं शेजारच्या दरीतली वाडी इथं काढली असेल. वर्गात दरडींवर धडा शिकवलेली मी, समोर डोंगराचा लचका गेलेला दिसत असताना दोष दिला तो कागदाला. एवढी माणसं एका तोंडानं बोलू लागली की आपलं शिक्षणही गप्प बसतं.

मंजूला मी एवढंच म्हटलं, “नकाशात काही असलं तरी तुझा प्लॉट त्या सात चौकोनांपैकी कशावरच येत नाही. मधल्या मोकळ्या जागेत आहे.”

“झालं तर मग,” ती म्हणाली.

शिमगा

पालखी दुपारी खाली उतरते असं सांगितलं होतं. आम्ही लवकर जाऊन मंजूच्या खुंटापाशी छत्री उघडून बसायचं ठरवलं. टळटळीत ऊन, वारा नाही, लांब हायवेवर कशेडीकडे जाणाऱ्या ट्रकांची घरघर. माळावर चिटपाखरू नव्हतं.

आणि वाळलेल्या गवतात अंगणं होती.

दुसरा शब्द नाही. गवत काढून, जमीन चोपून, शेणानं सारवलेले चौकोन. अजून ओले. कडेनं रांगोळी, मधोमध पाट, पाटावर तांदूळ. अंगण होतं, त्याच्यामागे घर नव्हतं. पुढे पाहिलं तर आणखी एक. त्यापलीकडे आणखी. काल तिथं गवत होतं, मी स्वतः तुडवलं होतं. संदेशच्या त्या ‘गार्डन’च्या प्रत्येक तुकड्यावर एक एक अंगण सारवलेलं होतं.

मी नकाशा काढला. माळाच्या दिशेनं फिरवून धरला. चौकोन आणि अंगणं तंतोतंत जुळत होती. ज्या सर्वेवाल्याला मी आदल्या दिवशी हिवताप दिला होता, त्यानं एकही घर इकडचं तिकडं केलेलं नव्हतं.

“ताई,” मंजू हळू म्हणाली, “नकाशात सात आहेत ना?”

“सात.”

“इथं आठ आहेत.”

आठवं तिच्या प्लॉटमध्ये होतं.

तेवढ्यात खालूबाजाचा आवाज आला. ढोल, सनई, आणि गुलालानं लाल झालेली पालखी ओढा उतरून आली. पुढे गुरव, हाडं मोजावीत असा म्हातारा. मुंबईहून आलेली मुलं टी-शर्टवर उपरणी टाकून नाचत होती. माळाच्या हद्दीत पाय पडताच बाजा थांबला. नाच थांबला. पालखी चालत चालत पहिल्या अंगणात आली आणि पाटावर टेकली. पालखीच्या दांड्याला खांदा देणारा पहिला माणूस संदेश होता. मोबाइल नव्हते, पायात चपला नव्हत्या, डोळे खाली.

गुरवानं नारळ वर धरला आणि मोकळ्या जागेकडे बघून विचारलं,

“लखू रामा, हाईस का?”

सगळी वाडी एका तोंडानं म्हणाली, “हाय!”

नारळ फुटला. पालखी उठली. दुसरं अंगण.

“भागू सखाराम, हाईस का?”

“हाय!”

मी आयुष्यभर वर्गात हजेरी घेतली आहे. गैरहजर मुलाच्या नावाला मागच्या बाकावरून कुणी खोटंच ‘हजर’ म्हटलं की मी पट्टी उगारायची. इथं एकेक नाव घेतलं जात होतं आणि जिवंत माणसं त्यांच्या वतीनं हजर म्हणत होती, आणि त्यात खोटं काही वाटत नव्हतं. सातव्या अंगणाशी गुरवानं नवऱ्याचं, बायकोचं आणि एका तान्ह्याचं नाव घेतलं. तान्ह्याला फक्त ‘बाळ’ म्हटलं. बारसं व्हायचं राहिलं असावं.

मला वाटलं, संपलं. पालखी वळली आणि मंजूच्या खुंटाशी आली.

ती पाटावर टेकली. गुरवानं खुंटावरचं नाव वाचायचा प्रयत्न केला, मग मंजूकडे बघितलं. नजर मायाळू होती, तेच मला सहन होईना.

“मंजूताई, हाईस का?”

वाडी थांबली. सगळे तिच्याकडे बघत होते. घरमालकीण समोर असताना तिच्या वतीनं कोण बोलणार?

“आहे,” मंजू म्हणाली. आवाज तिचा वाटला नाही.

“हाय!” वाडी म्हणाली आणि नारळ फुटला.

पालखी ओढ्यापलीकडे गेली तसा बाजा पुन्हा सुरू झाला, पोरं पुन्हा नाचू लागली. सुलोचनाबाई मागे राहिल्या. मी त्यांचा हात धरला, जरा जोरातच.

“काय झालं होतं इथं?”

“डोंगर उतरला,” त्या म्हणाल्या. “माज्या आजेसासऱ्याच्या टायमाला. श्रावणात, भरदुपारी. लोकं जेवाया बसलेली. कोन वाचला नाय, कोन गावला पन नाय. तितंच हायत.”

“मग काल विचारलं तर माळ होता म्हणालात!”

“काल शिमगा नव्हता गो. त्या वाडीचं नाव, त्या मानसांची नावं, एरवी घ्यायची नसत्यात. डोंगर आयकतो. पालखी हितं आसली की मंग भ्याव नाय. वरसातून आजचाच दिवस.”

“अहो, पण ही इथं घर बांधणार होती! तुम्ही आधी सांगायला नको?”

“सांगितलं की,” बाईंना माझ्या रागाचं नवल वाटलं. “दस्ताच्या आदी शिमग्याला या, आसं सांगितलं नाय का? दुसरं कसं सांगनार?”

त्यांच्या पद्धतीत जेवढं सांगता येतं तेवढं त्यांनी सांगितलं होतं.

संदेश संध्याकाळी लॉजवर आला तेव्हा मंजूनं त्याला शांतपणे सांगितलं की ती प्लॉट घेत नाही. तो चिडेल असं मला वाटलं होतं. त्याला वाईट वाटलं होतं.

“मॅडम, मी एका पण घरावर प्लॉट पाडला नाय. सातच्या सात जागा सोडल्या. पार्टनर शिव्या घालतो. कुणाचं किचन त्यांच्या डोक्यावर येऊ दिलं नाय मी. आणि तुमचं नाव खुंटावर लागलं म्हणून अंगण पण सारवायला लावलं. खुंट ठोकला म्हंजे घर झालं आमच्याकडं.”

“घरांवर नाही पाडलेस,” मी म्हटलं, “डोंगराखाली पाडलेस. तो पुन्हा उतरला तर?”

मी हे वर्गातल्या आवाजात बोलले. तो मान खाली घालून उभा राहिला.

“डोंगराखाली तर आमी सगळेच हाव, मॅडम.”

खरंच होतं ते. वरची वाडी त्याच डोंगराला टेकून आहे. मी दुसऱ्या दिवशी निघताना सुलोचनाबाईंना म्हटलं, मुलगे मुंबईला आहेत, पावसाळ्यापुरतं तरी जा. मंजूच्या हातात पुरणपोळ्यांचं गाठोडं देत त्या म्हणाल्या, “आमी गेलो तर त्यांचं ‘हाय’ कोन म्हननार?” आणि आम्हाला वाटेला लावलं. घाटात मला या खेपेला वांती झाली नाही.

पुणे, पुढचा शिमगा

मंजूनं फ्लॅट अखेर विकलाच. आता ती माझ्याकडे राहते, शेजारच्या खोलीत. भांडतो, एकत्र चहा घेतो, बरं चाललंय. पाऊस लागला की ती दररोज सकाळी सुलोचनाबाईंना फोन करते. काय बोलतात ते मी विचारत नाही. बाईंचा आवाज ऐकला की ही दात घासायला जाते.

यंदा शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी फोन त्यांचाच आला. मंजूनं तो स्पीकरवर टाकला.

“मंजूताई, पालखी थांबली हो तुमच्या दारात.”

“अहो, पण मी घेतली नाही ना जागा. दार कुठंय तिथं?”

“म्हंजे? त्या सातांचं तरी कुटं हाय?” बाई हसल्या. “येकदा नाव घेतलं की थांबायचं. गुरवानं इचारलं, आमी ‘हाय’ म्हनलं. संदेशनं नारळ दिला.”

बाईंचा आवाज जरा खाली आला.

“येक इचारायचं व्हतं गो. औंदा तुमचं अंगन आमी सारवलं नव्हतं. घर नाय झालं, म्हनून संदेश म्हनला, ऱ्हाऊ दे. सकाळी सातच सारवून आलो. आनि दुपारी पालखी घेऊन गेलो तर आठवं सारवलेलं. रांगोळी घातलेली. ओलं. वाडीत समद्यांना इचारलं, कोन नाय म्हनत. तुमीच येऊन गेलात ना?”

आदल्या दिवशी मंजू सकाळपासून घरात होती. दुपारी आम्ही दोघींनी मिळून पुरण वाटलं होतं. मी तिच्याकडे बघत होते.

“हो,” ती म्हणाली. “मीच येऊन गेले. पहाटेच्या एस्टीनं. तुम्ही सारवून गेल्यावर पोचले, वर आले नाही.”

“मला वाटलंच,” बाईंनी मोठा श्वास सोडला. “म्हनलं, दुसरं कोन आसनार. बरं केलंत बाय. पन जेवून जायाचं व्हतं.”

फोन ठेवल्यावर मंजू कितीतरी वेळ आपल्या तळहातांकडे बघत बसली.

“खोटं का बोललीस?” मी विचारलं.

“मग काय सांगू, ताई?” ती म्हणाली. “त्यांना आज त्याच डोंगराखाली झोपायचंय.”